तोडफोडीआधी फ्लॅट संगणकावर: स्वीट होम थ्रीडी कसं वापरावं

फ्लॅटचं नूतनीकरण काढलं की पहिल्याच बैठकीत कुणीतरी थ्रीडी चित्रं दाखवतं: पांढरा सोफा, छुपे दिवे, खिडकीबाहेर निळं आभाळ. स्लॅबखाली आलेला बीम त्यात नसतो, संडासामागची डक्ट (पाइपांसाठी सोडलेली उभी पोकळी) नसते, आणि कपाटाचं दार उघडल्यावर पलंगाला आपटतं का हेही कळत नाही. नकाशा काढायचा प्रोग्रॅम घरच्या माणसाने शिकायचा तो या अडचणी भिंत फोडण्याआधी सापडाव्यात म्हणून. चित्रं शेवटी निघतातच, पण ती दुय्यम.

इथे धरलाय तो स्वीट होम थ्रीडी. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. स्केचअप मोकळ्या आकारांसाठी सरस, पण त्यात भिंतसुद्धा पृष्ठभाग जोडून उभी करावी लागते. स्वीट होममध्ये भिंतीला जाडी-उंची सांगायची, दार तिच्यावर टाकायचं, भोक आपोआप पडतं. दार काढलं की भिंत पुन्हा बुजते. ऑटोकॅड शिकायचे कष्ट एका घरासाठी घेऊ नयेत. पडद्याचे चार भाग असतात: डावीकडे वर सामानाची यादी, खाली आपण ठेवलेलं सामान, उजवीकडे वर नकाशा, खाली थ्रीडी. एवढं ओळखलं की कामाला लागता येतं.

मापं आधी

मापं पूर्ण होईपर्यंत प्रोग्रॅम उघडूच नये. बिल्डरच्या माहितीपत्रकातली मापं बहुधा गिलाव्याआधीची आणि गोळाबेरीज केलेली असतात; त्यांवर कपाट बसत नाही. लेझर मीटर असला तर उत्तम, नाहीतर ५ मीटरचा टेप आणि टोक धरायला दुसरा माणूस. प्रत्येक भिंत तीन उंचींवर मोजायची: जमिनीलगत, कमरेजवळ आणि स्लॅबखाली. भिंत ओळंब्यात नसली तर तीन आकडे वेगळे येतात, आणि सामानासाठी त्यातला सर्वांत लहान खरा.

मग दोन्ही कर्ण. खोली ३०५० बाय ३६६० मिमी असेल, म्हणजे सुमारे १० बाय १२ फूट, तर दोन्ही कर्ण ४७६४ च्या आसपास यायला हवेत. एक ४७५५ आणि दुसरा ४७७५ आला तर खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. जुन्या इमारतींत एवढा फरक नवलाचा नाही. नकाशात ती खोली सरळ आयतच काढावी, लहान मापाने, आणि फरक मजकुरात लिहून ठेवावा; कारण वाकडी भिंत काढायला गेलं की पुढची प्रत्येक खोली वाकडी होत जाते. फरक २५ मिमीच्या वर गेला तरच वाकडेपणा नकाशात आणावा.

भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी मोजता येते. साडेचार इंची विटेची भिंत दोन्ही बाजूंच्या गिलाव्यासह साधारण १४० मिमी भरते, १०० मिमीच्या हलक्या ब्लॉकची १२५ ते १३०. भारवाहक भिंतींच्या जुन्या चाळीत किंवा वाड्यात ३५० मिमीच्या पुढेही जाते. आणि मायव्हान पद्धतीच्या (साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्र ओतलेल्या) नव्या इमारती असतील तर थांबा: तिथे आतल्या भिंतीही बहुतेक काँक्रीटच्या आणि इमारतीचा भार घेणाऱ्या असतात. त्या फोडता येत नाहीत, वायरिंगसाठी झिरी मारणंही धोक्याचं. प्रोग्रॅम मात्र कोणतीही भिंत एका क्लिकमध्ये पुसून देतो. त्याला भार कळत नाही. कोणती भिंत काढायची हे सोसायटीकडचा स्ट्रक्चरल नकाशा पाहून, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आणि सोसायटीच्या लेखी परवानगीने ठरतं.

खिडकीचं माप नुसत्या रुंदीचं घेऊ नये. दोन्ही कोपऱ्यांपासूनचं अंतर, सिलची (खिडकीच्या खालच्या कडेची) जमिनीपासूनची उंची, लिंटेलची (वरच्या कडेची) उंची, ग्रिलची खोली, सगळं हवं. त्याशिवाय बीमची रुंदी आणि स्लॅबखाली तो किती उतरतो ते, बाहेर आलेले कॉलम, नहाणी ट्रॅपची (न्हाणीघरातल्या पाण्याच्या जाळीची) जागा, डक्ट कुठल्या भिंतीमागे आहे, मीटरपेटी, स्विचबोर्ड, एसीच्या पाण्याची नळी. कागदावर प्रत्येक खोलीचं वेगळं पान करावं.

भिंती, आणि अर्ध्या जाडीची भानगड

प्रेफरन्सेसमध्ये एकक मिलिमीटर करून घ्या. सुतार फूट, इंच आणि सुतात बोलेल (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), टाइलवाला मिलिमीटरमध्ये, एजंट चौरस फुटांत. नकाशा एकाच एककात ठेवावा आणि छापताना लागतील तेवढेच आकडे बदलून लिहावेत. प्रेफरन्सेसच्याच चौकटीत नव्या भिंतीची जाडी आणि उंची दिसते. मूळ आकडे ७५ आणि २५०० मिमी असतात. ते तसेच राहिले की सगळ्या खोल्या बसक्या आणि भिंती पुठ्ठ्याच्या होतात.

हातात नकाशाचं चित्र असेल तर ‘इम्पोर्ट बॅकग्राउंड इमेज’ने ते मागे ठेवता येतं. पीडीएफ चालत नाही, आधी पीएनजी करावी लागते. पुढच्या पायरीत एक रेषा ओढून तिची खरी लांबी सांगायची असते. ही रेषा घराच्या सर्वांत लांब भिंतीवर ओढा. ७५० मिमीच्या दारावर ओढली आणि १५ मिमी चुकली तर ९ मीटरच्या घरात १८० मिमीची चूक होते. शिवाय प्रमाण दोन्ही दिशांना एकच लागतं. मोबाइलने तिरका काढलेला फोटो आडवा बरोबर आणि उभा चुकीचा येतो, म्हणून स्कॅन केलेलाच कागद घ्यावा. तरीही चित्र फक्त वाट दाखवायला, आकडे टेपचेच.

आता सगळ्यांत जास्त चुकतं ते. भिंतीची लांबी हा प्रोग्रॅम तिच्या मधल्या रेषेवर मोजतो. टेप मात्र आतून मोजतो, गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत. खोली आतून ३०५० आहे म्हणून ३०५० ची भिंत काढली तर दोन्हीकडच्या अर्ध्या जाड्या आत शिरतात आणि खोली लहान होते. एका बाजूला १८० मिमीची बाहेरची भिंत, दुसऱ्या बाजूला १३० ची आतली असेल तर काढायची लांबी ३०५० अधिक ९० अधिक ६५, म्हणजे ३२०५ मिमी. हा हिशोब प्रत्येक खोलीसाठी दोन्ही दिशांना आधी कागदावर करून ठेवला की पुढचं काम भराभर होतं.

भिंत ओढताना एंटर दाबलं की लांबी, कोन आणि जाडी टाइप करायच्या चौकटी उघडतात. माउसने आकडा जुळवत बसू नका. रेषा १५ अंशांच्या टप्प्यांनी वळते, त्यामुळे काटकोन सहज येतो. शेवटची भिंत पहिल्या भिंतीच्या टोकावरच संपवा. टोकं जुळली नाहीत तर कोपऱ्यात खाच दिसते. भिंती झाल्यावर ‘क्रिएट रूम्स’ घेऊन खोलीच्या आत डबल क्लिक केलं की फरशी तयार होते आणि क्षेत्रफळ उमटतं. डबल क्लिकने खोली बनली नाही तर कुठेतरी भिंतींत फट राहिली आहे. नकाशा मोठा करून कोपरे तपासा.

इथे एक पडताळा फुकटात मिळतो. रेराच्या (घरखरेदीच्या कायद्याच्या) व्याख्येतला कार्पेट एरिया आतल्या भिंतींची जागा धरतो, पण बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि मोकळी गच्ची धरत नाही. प्रोग्रॅमचं खोल्यांचं क्षेत्रफळ मात्र भिंती सोडून असतं. म्हणून बाल्कनी वगळून सगळ्या खोल्यांची बेरीज करा, तिच्यात आतल्या भिंतींची लांबी गुणिले जाडी मिळवा, आणि करारनाम्यातल्या आकड्याशी ताडा. चौरस मीटरचे चौरस फूट करायला १०.७६४ ने गुणायचं. खूपच फरक आला तर बहुतेक वेळा एखाद्या खोलीत वरचीच अर्ध्या जाडीची चूक असते. रेराआधीच्या करारात बिल्टअप (बाहेरच्या भिंतीही धरलेला) एरिया लिहिलेला असेल तर हा ताळा जुळणार नाही.

बीम या प्रोग्रॅममध्ये नाही. सामानाच्या यादीतला साधा ‘बॉक्स’ घ्यायचा, लांबी-रुंदी-उंची द्यायची आणि ‘एलिव्हेशन’मध्ये जमिनीपासूनची उंची भरायची. स्लॅब २७५० वर आणि बीम ४५० खाली उतरत असेल तर एलिव्हेशन २३००. कॉलमही असाच, जमिनीवर. खिडकीचं एलिव्हेशन म्हणजे सिलची उंची. दारं मात्र भिंतीवर सोडली की आपोआप वळतात आणि भिंतीची जाडी घेतात. उघडायची बाजू उलटी आली तर ‘मिरर्ड शेप’वर खूण करा.

आहे तसं घर पूर्ण झालं की नकाशाच्या वरचं कुलपाचं बटण दाबा. मग सोफा सरकवताना भिंत हलत नाही. ही फाईल ‘सध्याचं’ नावाने जपून ठेवा आणि प्रत्येक पर्याय वेगळ्या नावाने तिच्यातूनच काढा. एकाच फाईलमध्ये खोडत गेलं की दोन आठवड्यांनी मूळ दार कुठे होतं हे कुणालाच सांगता येत नाही.

बदल करताना

पाडायच्या आणि नव्या भिंती वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून भिंतीवर डबल क्लिक केल्यावर उघडणाऱ्या चौकटीत तिची नकाशातली नक्षी बदलता येते. पाडायच्या भिंतीला एक, नव्या भिंतीला दुसरी. गवंड्याच्या हातात हाच कागद द्यायचा. राडारोड्याचा अंदाजही यातूनच येतो. ३.६६ मीटर लांब, २.७५ उंच आणि १३० मिमी जाड भिंत म्हणजे १.३१ घनमीटर, सुमारे ४६ घनफूट. फोडल्यावर फुगून दीडपट होतो असं धरलं तर ६९ घनफूट, म्हणजे पाऊण ब्रासच्या आत (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). टेम्पो सांगताना हा आकडा हाताशी असावा, नाहीतर समोरचा सांगेल तेवढ्या खेपा.

भिंत सरकवायची असेल तर तिच्यातली दारं-खिडक्याही सोबत निवडून घ्या. आणि रंगाचा एक घोळ सगळ्यांनाच होतो: बाहेरची एक लांब भिंत दोन बेडरूमना सामाईक असते, तिची आतली बाजू एकच मानली जाते, त्यामुळे एका खोलीचा रंग बदलला की शेजारच्या खोलीचाही बदलतो. ‘स्प्लिट वॉल’ने भिंतीचे दोन तुकडे करायचे आणि जोड मधल्या भिंतीपाशी ओढून न्यायचा.

सामानाची मापं युरोपातली असतात. यादीतला पलंग १४० बाय १९० सेंटिमीटरचा. आपल्याकडे डबलबेडची गादी ७२ बाय ७८ इंच, म्हणजे १८३० बाय १९८०. ‘कीप प्रपोर्शन्स’ची खूण काढून माप बदलावं, आणि गादीचं न भरता पलंगाचं बाहेरचं माप भरावं: डोक्याकडचं फळीकाम धरून लांबी २०८० पर्यंत जाते. आता वरचीच खोली घ्या. पलंग ३०५० च्या दिशेने आडवा ठेवला आणि पायथ्याशी ६०० खोल कपाट केलं तर मध्ये उरतात ३७० मिमी. माणूस तिरका होऊन जाईल, दार उघडणार नाही. पलंग ३६६० च्या दिशेने फिरवला तर ९८० उरतात. कपाटाची ४५० रुंदीची झडप उघडली तरी ५३० मिमी राहतात. चालतं. सरकत्या दारांच्या कपाटाला ६५० ते ६७५ खोली लागते हे सुताराआधी नकाशाला सांगा.

कपाटाचं दार नकाशात उघडलेलं दिसत नाही, खोलीच्या दाराचं कमान-चिन्ह तेवढं दिसतं. म्हणून उघड्या झडपेच्या मापाचा पातळ ‘बॉक्स’ तात्पुरता ठेवून पाहावा. फ्रिजलाही तेच: त्याचं दार ९० अंशांपुढे उघडल्याशिवाय आतले ट्रे निघत नाहीत, त्यामुळे भिंतीला चिकटून ठेवलेला फ्रिज कागदावर बसतो आणि वापरात अडतो. देव्हारा, भारतीय पद्धतीचा संडास, कपडे धुण्याचा कट्टा यादीत सापडणार नाहीत. नाव दिलेला बॉक्स पुरतो. मॉडेल शोधण्यात वेळ घालवू नये.

स्वयंपाकघरात ओटा ६०० खोल आणि ८५० च्या आसपास उंच. उंची ठरवायचा खरा मार्ग म्हणजे ओट्याशी जो उभा राहणार त्याच्या कोपरापासून १०० ते १५० मिमी खाली. वरची कपाटं ३५० खोल, ओट्यापासून ६०० वर. आता ‘व्हर्च्युअल व्हिजिट’मध्ये जाऊन पाहणाऱ्याच्या डोळ्यांची उंची बदला. १५५ सेंटिमीटर उंचीच्या बाईचे डोळे १४५ च्या सुमाराला असतात. तिथून वरच्या कपाटाचा दुसरा कप्पा दिसतो का ते बघा. डोळ्यांची उंची भरतो त्याच चौकटीत दृष्टिकोनाचे अंशही असतात. ते वाढवले की खोली प्रशस्त दिसू लागते. विक्रीच्या चित्रांमागची मेख बऱ्याचदा हीच, म्हणून स्वतःसाठी बघताना तो आकडा हलवू नये. ओट्याच्या दोन्ही टोकांना २५ ते ५० मिमीची फिलरपट्टी धरा, कारण भिंती ओळंब्यात नसतात आणि शेवटचा ड्रॉवर चौकटीला घासतो.

संडास हलवायचा मोह नकाशात फार स्वस्त पडतो. ११० मिमीच्या पाइपला १ ला ४० चा ढाळ धरला तर दोन मीटर सरकवल्यावर ५० मिमी उतार लागतो. त्यात पाइपची स्वतःची जाडी, बेंड, वॉटरप्रूफिंग आणि टाइल धरली की जमीन २०० मिमीच्या आसपास उचलावी लागते, जर तिथे स्लॅब खाली घेतलेला नसेल तर. शिवाय खाली शेजाऱ्याचं स्वयंपाकघर असू शकतं. नकाशात डक्ट बॉक्सने दाखवा आणि ओली कामं तिच्या जवळच ठेवा.

वायरिंग आणि पाइप वेगळ्या पातळीवर काढावेत. ‘अ‍ॅड लेव्हल अ‍ॅट सेम एलिव्हेशन’ने त्याच उंचीवर दुसरा थर मिळतो, मागे भिंती फिकट दिसत राहतात, आणि ‘पॉलीलाइन’ने तुटक रेषा काढून शेजारी मजकूर लिहिता येतो. बोर्डाची उंची प्रत्येक ठिकाणी आकड्यात लिहा.

ऊन

ही सोय अनेकांना माहीतच नसते. नकाशावरच्या होकायंत्रावर डबल क्लिक करून अक्षांश-रेखांश, वेळेचा पट्टा आणि उत्तर दिशा भरायची. पुण्यासाठी १८.५ उत्तर, ७३.९ पूर्व. मग ‘क्रिएट फोटो’मध्ये वरच्या दोन दर्ज्यांपैकी एक निवडून तारीख-वेळ दिली की त्या वेळची सावली पडते. पुण्यात सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या सुमाराला, बाराला नव्हे. २१ डिसेंबरला तेव्हा त्याची उंची ४८ अंश असते. दक्षिणेच्या खिडकीची लिंटेल २१०० वर आणि वर ६०० चा छज्जा असेल तर ऊन भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून सुमारे १.३ मीटर आत येईल. चित्रात तेवढंच दिसलं तर उत्तर दिशा बरोबर भरली आहे. २१ जूनला सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो, दक्षिणेच्या खिडकीत दुपारचं ऊन नाहीच. समोरची इमारत आणि वरच्या मजल्याची बाल्कनी बॉक्स म्हणून ठेवल्याशिवाय यातलं काहीच खरं नाही. समोरच्या इमारतीची उंची आपल्या फरशीपासून किती वर आहे तेवढीच धरायची.

टाइलचा हिशोब आणि छपाई

३.०५ बाय ३.६६ ची खोली ११.१६ चौरस मीटर. १० टक्के तूट धरून १२.२८. ६०० बाय १२०० ची टाइल ०.७२ चौरस मीटर, म्हणजे १८ टाइल. स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) परिघातून ९०० चं दार वजा करून १२.५ मीटर, एका टाइलमधून १०० मिमीच्या सहा पट्ट्या, ७.२ मीटर, म्हणून आणखी २. बॉक्समध्ये दोन टाइल असतील तर १० बॉक्स. जुन्या फरशीवरच नवी बसवणार असाल तर जमीन साधारण १५ मिमी वर येते, दारं खालून तासावी लागतात आणि बाथरूमचा उंबरा तपासावा लागतो.

छापताना ‘पेज सेटअप’मध्ये प्रमाण १/५० द्या. ए-४ आडव्या कागदावर साडेतेरा बाय नऊ मीटरचं घर मावतं. प्रिंटरच्या खिडकीत ‘फिट टू पेज’ चालू राहिलं तर प्रमाण बिघडतं; छापलेल्या कागदावर एक मीटर बरोबर २० मिमी भरतो का ते पट्टीने पाहून मगच तो मिस्त्रीला द्या. कपाटांची समोरून दिसणारी मापं, कप्प्यांच्या उंच्या हा प्रोग्रॅम नीट काढत नाही. त्यासाठी आलेखाचा कागद आणि पेन्सिलच बरी. सुताराच्या कागदावर मापं फिनिशनंतरची आहेत असं स्पष्ट लिहा, आणि प्लाय कापण्याआधी टाइल व गिलावा झाल्यावर त्याला जागेवर पुन्हा मोजायला लावा.

झिऱ्या मारून पाइप टाकले की गिलावा करण्याआधी प्रत्येक पाइपचं कोपऱ्यापासूनचं अंतर मोजून पाइपच्या थरात दुरुस्त करा. प्लंबरने जागेवर बदललेली वाट नकाशात आपोआप येत नाही, आणि पुढे गिझर किंवा शेल्फ लावताना ड्रिल कुठे मारायचं हे त्याच आकड्यांवरून ठरतं.